नोकरी जातेय आणि मी चीक खातोय

गच्चीवरचा

वय ४७. हिंजवडीला नोकरी, म्हणजे आणखी ३८ दिवस. नोटीस पिरियड चालू आहे. घराचे हप्ते अजून ९ वर्षं. हे सगळं रात्री अडीचला अगदी व्यवस्थित आठवतं.

तर प्रश्न असा. गेल्या रविवारी आईने कुरडया घातल्या. तीन दिवस गहू भिजत होते, रोज पाणी बदलायचं, चौथ्या दिवशी वाटून-पिळून गाळले आणि सत्त्व रात्रभर निवळत ठेवलं. एवढी वर्षं मला कुरडई माहीत ती तळलेली, ताटात आलेली. या वेळी आईचा खांदा धरलाय, म्हणून चीक हाटायचं काम माझ्याकडे आलं. उकळतं पाणी, मीठ, हिंग, त्यात सत्त्वाची धार सोडायची आणि लाटण्याने हाटत राहायचं. हात थांबला की गुठळी. आई मागे उभी राहून ‘अरे तळाशी, तळाशी’ करत होती. चीक शिजून चकचकीत झाला, तसा तिने वाटीत काढला, वर कच्चं तेल घातलं आणि म्हणाली, आधी खा. सकाळी सातला गच्चीवर उकिडवं बसून खाल्ला. बोटं भाजली. नंतर सोऱ्या दाबून दाबून तळहाताला फोडही आला.

तो दीड तास हप्ता आठवला नाही. आठवला तेव्हा लाज वाटली. बायको संध्याकाळच्या शिकवण्या वाढवतेय, मुलगी कॉलेजच्या फीचा विषय माझ्यासमोर काढत नाही, आणि गृहस्थ वाटी चाटतोय! तुमचं असं होतं का? की मीच निर्ढावलोय?

कोरडवाहू

दादा, राग मानू नका, पण तुमचं हे पहिल्यांदाच दिसतंय. आमच्याकडं औशाला दर मृगाला हेच. बी-खत उधारीवर आणून ठेवलेलं, आभाळ नुसतं भरून येतंय, आणि पावशा झाडावरून ‘पेरते व्हा, पेरते व्हा’ करतोय. त्याचं काय जातंय! ७५ ते १०० मिलिमीटर पडल्याशिवाय सोयाबीन पेरायचं नाही असं सांगतात. मी एकदा घाई केली, दुबार पेरणी करावी लागली.

तर पाऊस लांबला की आम्ही पारावर मेंढीकोट खेळतो. कर्जाची माणसंच खेळतात, बिनकर्जाचं कोण आहे? कुणावर कोट चढला की दोन दिवस गावभर त्याचीच चर्चा. लाज कशाची? घरात बसून पाऊस येतो काय?

हिशेबी

चीक खा, पण आधी एक काम. कंपनीचा मेडिक्लेम बहुधा नोकरीच्या शेवटच्या दिवसापर्यंतच चालतो. आईचं नाव त्यात असेल तर त्याच विमा कंपनीकडे वैयक्तिक पॉलिसी करून मिळते का, हे आत्ताच विचारा. ३८ दिवस भुर्रकन जातात.

आणि चिकावर तेल? आमच्याकडे दूध-साखर.

वाडीवाली

श्रीवर्धनजवळ आमची सुपारीची वाडी. होती असं म्हणते, कारण ३ जून २०२०ला निसर्ग वादळात एका दुपारी आडवी झाली. सासऱ्यांनी लावलेले माडही गेले. सुपारीला फळ धरायला सहा-सात वर्षं लागतात, तेव्हा पुढचा हिशेब त्या दिवशी कुणी केलाच नाही.

तिसऱ्या दिवशी वाट मोकळी करताना दिरांनी पडलेल्या एका माडाचा शेंडा फोडला. आत पांढरा, कोवळा गाभा असतो. एरवी तो खायला मिळत नाही, कारण त्यासाठी माड मारावा लागतो. आम्ही सगळे चिखलात उभे राहून तो खात होतो. गोड, करकरीत. सासरे पाठ करून उभे होते. मला तोंडातला घास गिळवेना. मग तेच वळले, हात पुढे केला आणि म्हणाले, मला पण दे.

तुमची पोस्ट वाचून ते आठवलं.

गच्चीवरचा

वाडीवाली ताई, तुमचं लिहिलेलं आईला वाचून दाखवलं. ती काही बोलली नाही, उठून कुरडयांचा डबा उन्हात ठेवून आली.

कोरडवाहू, राग नाही. हिशेबी, फोन केला, कागद मागितलेत, आणि दूध-साखर आमच्याकडे फक्त लहान मुलांना मिळते.

मुलीला विचारलं, फीचं बोलत का नाहीस? म्हणाली, तुम्ही त्या दिवशी पहिल्यांदा ऑफिसचा चेहरा न घेता बसला होतात, म्हणून म्हटलं राहू दे. मग बसलो दोघं, कागद-पेन घेऊन. आकडे वाईटच आहेत.

येत्या शनिवारी साबुदाणा-बटाट्याच्या चकल्या. आमचा सोऱ्या जुना, पितळी, आईच्या लग्नातला. त्याची चांदणीची चकती हरवलीय. तांबट आळीत तशी सुटी चकती कुणी करून देईल का? की तुळशीबागेतून नवा सोऱ्याच घ्यावा लागेल?