समितीत नाव आहे, पाण्यात नाही. ग्रामसभेत काय मागू?

कोरडवाहू_ताई
जालना जिल्ह्यातलं आमचं गाव हवामान बदलाच्या एका योजनेत आहे. गावसमितीत मी महिला सदस्य. बैठक रात्री नऊला, मारुतीच्या पारावर. बायका पारावर बसत नाहीत, म्हणून रजिस्टर घरी येतं अन् मी चुलीपुढून सही करते.

यंदा ७ शेततळी मंजूर झाली, सगळी बागायतदारांची. आधी पदरचे पैसे घालायचे, अनुदान मागून. आमच्यासारख्यांनी अर्ज करायचा कशाच्या जिवावर? खरी गोम पुढंच आहे. ही तळी पावसानं भरत नाहीत, पावसाळ्यात विहिरीवर मोटार लावून भरतात. संक्रांतीला माझी विहीर तळाला. एकदा बोलले, तर साहेब म्हणाले, "ताई, हे तांत्रिक आहे."

पुरंदरी
आमचे आजोबा पाणी पंचायतीत होते. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातल्या नायगावपासून हे काम उभं केलं. पाणी जमिनीवर नव्हे, डोक्यावर मोजायचं: माणशी अर्धा एकर, घराला जास्तीत जास्त अडीच एकर. भूमिहीनालाही वाटा. ऊस बंद. वाटपाला गटाचाच पाटकरी. तुमच्याकडं आधी तळी वाटली, पाणी कुणाचं हे ठरलंच नाही.

माजी_समूह_सहायक
अशाच एका प्रकल्पात होतो. वरून विचारायचे तळी किती झाली, खर्च किती झाला. पाणी कुठून भरलं, हा रकानाच नव्हता.
ग्रामसभेआधी महिला सभा घेणं कायद्यानं बंधनकारक आहे. तिथं ठराव करून ग्रामसभेत न्या. गावचा पाण्याचा ताळेबंद, म्हणजे पाणी आलं किती अन् वापरलं किती हा हिशेब, मोठ्यानं वाचायला लावा. अन् दोरीला दगड बांधून दर महिन्याला विहिरी मोजा, आकडे शाळेच्या भिंतीवर लिहा.

द्राक्षवाला
शेततळ्यानं माझी बाग वाचली. कर्ज काढून केलंय, चोरी नाही केली.

कोरडवाहू_ताई
भाऊ, चोर कोण म्हणालं? तुमच्यासारख्याच एकाच्या बागेत मी थिनिंगला, म्हणजे घडातले मणी विरळ करायला, जाते. त्यांचंच तळं माझ्या बांधाला लागून आहे. सभेत बोलले, तर दुसऱ्या दिवशी मुकादमाचा निरोप येतो, "उद्यापासून येऊ नका." म्हणून एकटी बोलणार नाही. महिला सभेत आम्ही अकराजणी आहोत, पहिली मागणी बैठक दुपारी शाळेत घ्यायची. दोरी मात्र आजच आणलीय. माझ्या विहिरीचं पाणी साडेपाच पुरुष, म्हणजे साडेपाच माणसांच्या उंचीइतकं, खाली आहे.