मदत हवी आहे: फाइन आर्ट फोटोंचे प्रिंट विकून घर चालवायचंय, फ्रेम आणि किंमत दोन्ही चुकताहेत

तापीकाठ (अमळनेर)

राम राम मंडळी. सध्या लग्नाच्या ऑर्डरींवर घर चालतं, ते हळूहळू फाइन आर्ट प्रिंटच्या विक्रीवर यावं अशी इच्छा आहे. विषय इथलेच: रावेर-यावलच्या केळीबागांतला सकाळचा उजेड, तोरणमाळ, सारंगखेड्याच्या यात्रेतला घोडेबाजार. कॅमेरा 24 मेगापिक्सेलचा, फाइली रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या). 12×18 इंचाच्या 9 फ्रेम विकल्या गेल्यात, बहुतेक दवाखान्यांत.

अडचणी अशा. पावसाळ्यात 3 फ्रेममधला कागद लाटा आल्यासारखा फुगला, एक तर काचेलाच चिकटला. काही काचांवर आतून धुरकट थर आलाय. स्क्रीनवर छान दिसणारा फोटो प्रिंटमध्ये काळवंडतो. फ्रेम गावातच होते: मागे हार्डबोर्ड, चारी बाजूंनी सेलोटेप, पुढे साधी काच, माउंट (चित्राभोवतीची जाड पुठ्ठ्याची चौकट) नाही. कागद 308 जीएसएमचा (चौरस मीटरला 308 ग्रॅम) कॉटन, शाई पिगमेंट (रंगकणांची).

किंमत 6,000 सांगतो. खर्च: प्रिंट 1,100, फ्रेम 1,500, पॅकिंग-वाहतूक 400. आता एक गॅलरी 40 टक्के कमिशन मागते आहे. शिवाय बऱ्हाणपूर आणि सुरतेहून विचारणा आहे, बिल कसं करायचं? जाणकारांनी सविस्तर सांगावं.

सातपुडा_छाया

भाऊ, कागद आणि शाई उत्तम आहे, घात फ्रेमने केलाय. कॉटन कागद हवेतली ओल पितो आणि पसरतो. आपल्याकडे मे महिन्यात 44-45 अंशांची कोरडी भाजणी आणि जुलैत दमट हवा, म्हणजे तो वर्षभर आखडतो आणि सैलावतो. चारी कडा टेपने जखडल्या की पसरायला जागा उरत नाही, मग मधे फुगवटा येतो. तो फुगवटा काचेला टेकला आणि काचेवर दव धरलं की शाईचा थर काचेला चिकटतो.

प्रिंट फक्त वरच्या कडेला दोन ठिकाणी टांगायचा. जपानी टिश्यू कागदाच्या बोटभर पट्ट्या आणि गव्हाच्या स्टार्चची खळ. सेलोटेप नको, फेव्हिकॉल नको. टेपचा डिंक काही वर्षांत पिवळा पडून कागदातून आरपार दिसतो. खालची आणि बाजूची कड मोकळी सोडा. प्रिंटमागे आम्लमुक्त बोर्ड हवा, हार्डबोर्ड त्याच्याही मागे. हार्डबोर्ड थेट लागला तर त्यातलं आम्ल कागद तपकिरी करतं.

माप असं धरा. चित्र 12×18, कागद 14×20, म्हणजे चहूबाजूंनी 1 इंच पांढरं. माउंटची खिडकी 13×19 कापा: चित्राभोवती अर्धा इंच पांढरं दिसतं, तिथे पेन्सिलने सही करता येते, आणि अर्धा इंच कागद माउंटखाली राहतो. माउंट 3 इंच रुंद, म्हणजे फ्रेमचं आतलं माप 19×25. माउंटच्या जाडीमुळे प्रिंट काचेला टेकत नाही. फ्रेमच्या पाठीला खालच्या दोन कोपऱ्यांत फेल्टच्या टिकल्या लावा म्हणजे भिंतीमागे हवा खेळते. ताज्या गिलाव्याच्या भिंतीवर फ्रेम लावू नका म्हणून गिऱ्हाइकाला बजावून सांगा.

आतला धुरकट थर शाईतल्या ग्लायकोलमुळे येतो. प्रिंट हाताला कोरडा लागतो, पण आतून ही वाफ निघतच असते. छापल्यावर 24 तास तरी साधा कोरा कागद वर ठेवून सपाट ठेवा, मधे तो कागद एकदा बदला. घाईची डिलिव्हरी असली तरी हा दिवस खाऊ नका.

काळवंडण्याचं कारण बहुधा मॉनिटर. कारखान्यातून तो भगभगीत उजळ येतो. त्याचा उजळपणा 80 ते 100 कँडेला प्रति चौरस मीटरवर आणून कॅलिब्रेट करा (रंग प्रमाणात जुळवून घ्या) आणि लॅबकडून त्याच कागदाचं आयसीसी प्रोफाइल (त्या कागदावर रंग कसे उतरतात याची फाइल) मागून सॉफ्ट प्रूफ (प्रिंट कसा दिसेल याची स्क्रीनवरची झलक) बघा. केळीच्या कोवळ्या पानाचा पोपटी मॅट (बिनचमकीच्या) कागदाच्या आवाक्याबाहेर जातो आणि पानावरच्या शिरा सपाट होतात. तिथे हिरव्याचं सॅच्युरेशन (रंगाचा भडकपणा) उतरवा, शिरा परत दिसतात. मोठा प्रिंट काढण्याआधी 8×10 च्या कागदावर एकाच तुकड्याच्या तीन पट्ट्या काढा: आहे तशी, एक तृतीयांश स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) उजळ, दोन तृतीयांश उजळ. निवड गिऱ्हाइकाच्या खोलीतल्या उजेडात करा.

पूर्णाकाठची

किमतीबद्दल. तुमचा खर्च 3,000. 6,000 वर 40 टक्के गेले की हातात 3,600, म्हणजे उरले 600. त्यात शूटिंगची फेरी, फाइलवरचं काम आणि बिघडलेले प्रिंट. हा धंदा नव्हे दादा, हमाली आहे. हिशेब उलटा करा: एका प्रिंटमागे 2,500 उरायला हवेत तर 5,500 भागिले 0.6, म्हणजे साधारण 9,200. आणि हीच किंमत घरून विकतानाही ठेवायची. गॅलरीत 9,200 आणि फोनवर 6,000 हे कळलं की गॅलरीही जाते आणि आधीचं गिऱ्हाईकही दुखावतं. इंटिरिअर डिझायनरला सवलत द्यायची ती याच कमिशनच्या वाट्यातून द्या.

आवृत्ती मर्यादित ठेवा. एका चित्राच्या सर्व मापांत मिळून 15 प्रती आणि 2 आर्टिस्ट प्रूफ (कलाकाराने स्वतःकडे ठेवायच्या प्रती), एवढंच. समासावर डावीकडे 3/15 (पंधरांपैकी तिसरी), उजवीकडे सही. वहीत आकडा, तारीख, कागद, शाई, माप, खरेदीदार. तेच प्रमाणपत्रावर. 15 ठरल्या की 16 वी काढायची नाही, माप बदलूनही नाही. आधी विकलेल्या 9 प्रतींवर क्रमांक नसतील तर त्या चित्रांच्या उरलेल्या प्रतींमधून तेवढ्या वजा करा.

मोठ्या मापांचा मोह आवरा. तुमची फाइल 6000×4000 पिक्सेल: 12×18 ला 333 पीपीआय (इंचाला पिक्सेल) मिळतात, 20×30 ला 200. पाच-सहा फुटांवरून बघायच्या भिंतीला 200 पुरतात. त्यापुढे हात हलला असेल, फोकस किंचित चुकला असेल, तर तो पडद्याएवढा होऊन दिसतो.

तापीकाठ

मनापासून आभार. बिलाचं आणि हक्कांचं कुणी सांगेल का? एक बी-बियाण्यांची कंपनी केळीबागेचा फोटो कॅलेंडरला मागते आहे.

हिशेबवही

फक्त वस्तू विकणाऱ्याला महाराष्ट्रात 40 लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. पण तुम्ही लग्नाची कामंही करता, ती सेवा आहे, म्हणून तुमची मर्यादा एकूण 20 लाख. दुसरी मेख राज्याच्या सीमेची. रावेरहून बऱ्हाणपूर शेजारच्या गावासारखं, पण ते मध्य प्रदेश, सुरत गुजरातेत. राज्याबाहेर वस्तू विकायची तर पहिल्या प्रिंटपासून नोंदणी लागते. आधी नोंदणी, मग ऑर्डर. दराची खात्री सीएकडून करून घ्या.

कॅलेंडरची परवानगी ही प्रिंटची विक्री नव्हे. प्रिंट विकला तरी कॉपीराइट तुमच्याकडेच राहतो. कंपनीला फक्त वापराचा परवाना द्या, लेखी: कुठलं चित्र, कोणत्या वर्षाचं कॅलेंडर, किती प्रती, कुठल्या प्रदेशात, रक्कम किती. मुदत आणि प्रदेश लिहिला नाही तर 1957 च्या कायद्याप्रमाणे 5 वर्षं आणि सबंध भारत धरला जातो. आवृत्तीतलं चित्र कॅलेंडरला देऊ नका; ज्याने ते 9,200 ला घेतलं त्याच्या भिंतीशेजारी तेच फुकट लटकेल. त्याच बागेतलं दुसरं द्या.

पैसे घेऊन काढलेले लग्नाचे किंवा व्यक्तींचे फोटो, वेगळा करार नसेल तर, काढवून घेणाऱ्याच्या मालकीचे. ते प्रदर्शनात लावू नका. यात्रेतल्या घोडेवाल्याचा चेहरा विकायचा असेल तर त्याच्याच भाषेत समजावून लेखी संमती घ्या आणि त्याला एक प्रिंट पोचता करा. सातपुड्यातल्या पाड्यांवर तर हे कटाक्षाने पाळा. संरक्षित स्मारकात ट्रायपॉड लावायचा तर आधी पुरातत्त्व खात्याची परवानगी.

सातपुडा_छाया

विक्रीसाठी आधी आपल्या भिंती बघा. जळगाव-धुळ्यात नवे दवाखाने होतात, त्यांच्या आर्किटेक्टला भिंत रंगवायच्या आधी भेटा; रंग लागल्यावर गेलात तर पैसे संपलेले असतात. मोबाइलवर फोटो दाखवू नका. 10-12 खरे प्रिंट एका पेटीत, सगळे एकाच मालिकेतले. केळी, घोडे, किल्ले अशी मिसळ नको. मालिकेसाठी लांब जावं लागतं असंही नाही. चाळीसगावच्या केकी मूस (1912–1989) यांनी घराच्या चार भिंतींत राहून टेबलटॉप फोटोग्राफीत (टेबलावर वस्तू मांडून काढलेल्या फोटोंत) नाव कमावलं. तुम्हाला अमळनेरहून चाळीसगाव जवळ आहे, त्यांचं कलादालन बघून या आणि कृष्णधवल प्रिंटमधली सावली जवळून न्याहाळा.

बाहेरगावी फ्रेम पाठवू नका, प्रिंट पाठवा. नळी किमान 4 इंच व्यासाची, प्रिंटवर आम्लमुक्त ग्लासिन (पातळ गुळगुळीत कागद), सैल गुंडाळी. घट्ट गुंडाळला तर कॉटन कागदाचा वरचा थर तडकतो. फ्रेमच हवी म्हणाले तर काचेऐवजी 2-3 मिमी अ‍ॅक्रिलिक. केळीची जुनी खोकी वापरू नका भो, ओल आणि कसर दोन्ही सोबत जातात.

तापीकाठ

शेवटचं: काचेला चिकटलेला तो प्रिंट सोडवता येईल का? गिऱ्हाईक थांबायला तयार आहे.

पूर्णाकाठची

ओढू नका, ओलाही करू नका. शाईचा थर काचेवर राहील आणि कागद हातात येईल. तो गेला असं धरा. नवा प्रिंट काढा, खर्च तुमचा. जुना प्रिंट परत मागवून त्याच्यासमोर फाडा, नव्यावर जुनाच क्रमांक टाका आणि वहीत त्या ओळीपुढे ‘बदलून दिला’ असं तारखेसकट लिहा.