प्रतिसाद: शापित वस्तू आणि 'द रेड शूज'

शापित वस्तूवरचे कोरियन भयपट म्हणजे लांब केसांच्या जपानी भुतांची नक्कल, असं वर कुणीतरी लिहिलंय. २००५ चा 'द रेड शूज' पाहिलात तर मत बदलेल. दिग्दर्शक किम योंग-ग्युन. मूळ बीज डॅनिश लेखक हान्स ख्रिश्चन अँडरसनच्या याच नावाच्या परीकथेचं. तिथेही लाल बूट घालणाऱ्या मुलीचे नाचत सुटलेले पाय शेवटी कुऱ्हाडीने तोडावे लागतात, म्हणजे कथा आधीच भीषण आहे. (नावात लाल असले तरी पडद्यावरचे बूट गुलाबी आहेत, कोरियन नावाचा अर्थही तोच.)

नवऱ्यापासून वेगळी झालेली डोळ्यांची डॉक्टर, तिची लहान मुलगी आणि मेट्रो स्टेशनवर बेवारस सापडलेली ती उंच टाचांची जोडी. मला खरी भीती वाटली ती आई आणि मुलगी त्या बुटांसाठी एकमेकींवर तुटून पडतात तेव्हा. पोटच्या पोरीच्या हातून वस्तू हिसकावणारी आई! आईच्या भूमिकेत किम हे-सूने त्या बाईची हाव आणि एकटेपण एकाच नजरेत दाखवलंय. बुटांचा इतिहास कोरियावरच्या जपानी राजवटीतल्या एका नर्तिकेपर्यंत जातो, तो भाग मात्र जरा घाईत उरकलाय. तरीही रात्री, दिवे घालवून बघाच.