मदत हवी आहे: एमआरआयमधली चुळबुळ आणि कॉर्टेक्सची जाडी

कोल्हापुरातल्या 14 ते 17 वयाच्या मुलांमध्ये तेच ते नकारात्मक विचार घोळत राहणं आणि कॉर्टेक्सची (मेंदूच्या बाहेरच्या थराची) जाडी यांचा संबंध तपासतोय. पीटीक्यू ही असे विचार मोजणारी प्रश्नावली (15 प्रश्न, 0 ते 60 गुण) मराठीत भरून घेतली. स्कॅन 1.5 टेस्लाच्या एमआरआय मशीनवर, टी1 प्रकारचे (मेंदूची रचना दाखवणारे), 1 मिमी बारकाव्याचे. पुढचं काम फ्रीसर्फर या जाडी मोजणाऱ्या सॉफ्टवेअरवर. वय आणि लिंग सांख्यिकी मॉडेलमध्ये आहेतच, कारण या वयात जाडी तशीही कमी होत जाते.

घोळ असा, की जास्त गुणांची मुलंच मशीनमध्ये जास्त हललीत, आणि हालचालीने जाडी खोटीच कमी दिसते. ऑयलर नंबर (फ्रीसर्फरने बनवलेल्या पृष्ठभागातल्या छिद्रांवरून स्कॅनचा दर्जा सांगणारा आकडा) काढलाय, अगदी खराब स्कॅन डोळ्यांनी बघून वगळलेत. पुन्हा स्कॅन शक्य नाही (गुंगी देऊन तर नाहीच).

ऑयलर नंबर मॉडेलमध्ये घालावा, की मर्यादा ठरवून त्यापलीकडचे स्कॅन सरळ काढावेत? घातला तर खरा संबंधही त्यात धुऊन जाईल का?