कोकरं पीत असताना बिनहंगामी लागवड: मेंढ्या गाभण राहत का नाहीत?

कळपवाला: दिवस मोठे होत असताना, म्हणजे माजाचा हंगाम नसताना, मेंढ्यांच्या योनीत संप्रेरकाचे स्पंज बसवले, काढताना पीएमएसजी (बीज पिकवणारं संप्रेरक) दिलं. भाकड मेंढ्या बहुतेक गाभण राहिल्या. कोकरं पाजणाऱ्याही माजावर आल्या, मेंढा घेतला, पण त्यातल्या बऱ्याच रिकाम्या. औषध तेच, मेंढे तेच. दूध आडवं येतंय का?

रानवाट: मेंढे तपासा. मोठ्या दिवसांत त्यांचाही जोम उतरतो.

जुना_पशुवैद्य: मेंढे तेच आणि भाकड राहिल्या म्हणतायत ना! त्यांना कशाला दोष?

कळपवाला, विऊन किती दिवस झाले होते ते लिहिलंच नाहीत, आणि मेख तिथेच आहे. गर्भाशय पूर्ववत व्हायला साधारण महिनाभर लागतो. त्याआधी औषधाने माज ओढून आणता येतो, पण शुक्राणू बीजापर्यंत नीट पोहोचत नाहीत आणि फळलं तरी गर्भ टिकणं अवघड. माज दिसला की आपण खूश होतो, तिथेच फसगत.

दुसरं म्हणजे चोखणं. कोकरू कासेला लागलं की बीजांडकोशाला जागं करणाऱ्या एलएच संप्रेरकाचे ठोके मंदावतात. दिवस लहान होत असताना मेंढी हे निभावून नेते. मोठ्या दिवसांत ते ठोके आधीच मंद, त्यात चोखणं, त्यात दुधाने उतरलेलं अंग. जुळी पाजणारी तर पार वाळते. कमरेवर हात फिरवा, हाडं टोचली तर स्पंज वाया घालवू नका.

कळपवाला: काही तर महिन्याच्या आतल्याच होत्या. मग महिना झाला की कोकरं आईपासून तोडू?

जुना_पशुवैद्य: चारा-खुराक नीट खात नसतील तर नको, पुढचं वेत साधायला हातातली कोकरं खुरटवाल. दोन महिन्यांच्या आसपास तोडा. तोडताना आईचा खुराक थोडे दिवस कमी ठेवा, नाहीतर कास दगडासारखी होते. आटली की वाढवा. स्पंज १२ ते १४ दिवस आत असतो, त्यामुळे तो बसवतानाच कोकरं वेगळी केली तरी चालतं.

रानवाट: आणि १६-१७ दिवसांनी उलटली नाही, म्हणजे पुन्हा माजावर आली नाही, की गाभण राहिली, असंच ना?

जुना_पशुवैद्य: हंगामात बहुतेक वेळा हो. मोठ्या दिवसांत रिकामी मेंढीही पुन्हा माज सोडून गप्प बसते. दीड महिन्यानंतर सोनोग्राफी करून घ्या.