थोरल्याला जमीन, बाकीच्यांना वर्षासन: अठराव्या शतकातील इंग्रज मृत्युपत्रांची तजवीज

उंबरठा (धागाकर्ता)

गेल्या आठवड्यात येथे आलेल्या एका लेखात असे ठाम विधान होते की, अठराव्या शतकातला इंग्रज बाप मरताना सगळे थोरल्याच्या पदरात टाकत असे आणि विधवेला व मुलींना वाऱ्यावर सोडत असे. चार ओळींचा प्रतिसाद देऊन मला स्वस्थ बसवेना, म्हणून हा स्वतंत्र धागा काढला आहे. मी सहा वर्षे उत्तर इंग्लंडमध्ये राहतो आणि यॉर्कच्या धर्मन्यायालयात शाबीत झालेल्या जुन्या मृत्युपत्रांच्या नकला उतरवण्याचे काम सुटीच्या दिवशी हौसेने करतो.

लेखकाने दोन वेगळ्या गोष्टी एकत्र केल्या आहेत. मृत्युपत्र न करता माणूस गेला, तर जमीन थोरल्या मुलाकडे जाई, हे खरे. केंट परगण्यात मात्र ती सगळ्या मुलग्यांत सारखी वाटली जाई आणि काही गावांत धाकटाच वारस ठरे. परंतु जंगम मालमत्तेचा नियम निराळा होता. 1670 च्या कायद्याने तिचा तिसरा भाग विधवेला मिळे आणि उरलेले दोन भाग मुलामुलींत समान वाटले जात. मृत्युपत्र केले जाई ते बहुधा या दोन नियमांची सांगड घालण्यासाठी. शेत तुकडे न करता एका हाती ठेवायचे आणि त्याच शेताच्या उत्पन्नावर बाकीच्यांचा भार टाकायचा, असा तो हिशेब होता.

नेहमी आढळणारा साचा सांगतो. घर आणि शेत थोरल्याला. पण त्याने आईला आयुष्यभर ठरावीक वर्षासन द्यायचे, तेही वर्षाच्या चार ठरलेल्या दिवशी, हप्त्याहप्त्याने. घरातल्या अमुक खोल्या आणि जळणाचे लाकूड आईचे. प्रत्येक मुलीला एकविसाव्या वर्षी किंवा लग्नाच्या वेळी रोख रक्कम आणि तोवर त्या रकमेचे व्याज तिच्या पालनपोषणासाठी. वर्षासन ठरावीक दिवसांपेक्षा अधिक थकले, तर शेतावरची गुरे आणि धान्य अडकवून ठेवण्याचा अधिकारही आईला त्याच कागदात दिलेला असे. ज्यांच्याकडे जमीन नव्हती, पण सरकारी रोखे होते, त्यांचे काम सोपे होते. तीन टक्क्यांच्या रोख्यांत हजार पौंड विश्वस्तांच्या नावे ठेवले की वर्षाला तीस पौंड मिळत राहत.

म्हणजे ‘मालक कोण’ हा प्रश्न विचारून ही मृत्युपत्रे कळत नाहीत. कोणाला, किती, केव्हा आणि कोणाच्या हातून मिळणार, हे पाहिले तर कळतात. तसे पाहिल्यावर मला तरी त्यांत बहुतेक वेळा न्याय दिसतो.

शेवंती

आपण शेवटून दुसऱ्या वाक्यात लिहिलेले ‘कोणाच्या हातून’ हेच शब्द माझ्या विरोधाचे कारण आहेत. दुसऱ्याच्या हातून मिळणारे उत्पन्न ही मालमत्ता नव्हे. ती त्या हाताची मर्जी आहे.

माझ्या आजोबांची थोरली वहिनी 1937 च्या कायद्याआधी, म्हणजे हिंदू विधवेला नवऱ्याच्या मालमत्तेत वाटा मिळू लागण्याआधी, विधवा झाली. पंचांसमोर तिच्या अन्नवस्त्राचा कागद झाला. इतके पायली धान्य, इतके रुपये आणि माजघरालगतची एक खोली. तो कागद आमच्या घरी अजून आहे आणि त्याची भाषा आपण वर्णन केलेल्या इंग्रज कागदासारखीच नीटनेटकी आहे. प्रत्यक्षात दर दिवाळीला ती दिराच्या ओटीवर सकाळपासून बसून राहत असे आणि कधी निम्मे धान्य घेऊन, कधी रिकाम्या हाताने खोलीत परतत असे. गुरे अडकवण्याचा अधिकार कागदावर असला, तरी कोणती आई पोटच्या मुलाच्या गोठ्यावर माणसे घेऊन जाणार?

शिवाय आपण एक गोष्ट सांगितलीच नाही. यॉर्क प्रांतात 1692 पर्यंत, आणि लंडन शहराच्या नागरिकांत 1724 च्या कायद्यापर्यंत, जंगम मालमत्तेतला बायकोचा आणि मुलांचा वाटा रूढीने राखीव होता. नवऱ्याला फक्त उरलेल्या भागाचे मृत्युपत्र करता येई. तो राखीव वाटा काढून घेतला गेला, त्यानंतरच्या शतकातल्या बापांच्या उदारपणाचे कौतुक आपण करत आहात.

सनदी

मी दिवाणी वकिली केली आहे, म्हणून दोन्ही बाजूंना थोडे थांबवतो. विधवेला जमिनीच्या तिसऱ्या भागाचे उत्पन्न आयुष्यभर घेण्याचा हक्क कायद्यानेच होता आणि नवऱ्याला तो मृत्युपत्राने एकतर्फी बुडवता येत नसे. म्हणून तर वर्षासन ‘त्या हक्काच्या बदल्यात’ दिल्याचे लिहीत आणि दोन्हींपैकी एक निवडणे तिला भाग पडे.

त्याचबरोबर मुलाला वगळायचे असेल, तर त्याला निदान एक शिलिंग ठेवणे कायद्याने आवश्यक होते. नाही तर त्याला दावा लावता येत असे. तेव्हा बापाला अगदीच मोकळे रान होते, असे नाही.

उंबरठा (धागाकर्ता)

सनदी, शिलिंगाची ही समजूत चुकीची आहे. इंग्रज कायद्याचा भाष्यकार ब्लॅकस्टोन याने 1760 च्या दशकातच ती लोकांतली चूक म्हणून नोंदवली आहे. रोमन कायद्यात विनाकारण डावललेल्या मुलाला मृत्युपत्राविरुद्ध तक्रार करता येई, त्याची ती अपुरी आठवण आहे. इंग्लंडमध्ये एक छदामही न ठेवता मुलाला वगळता येत होते.

कागदपत्री

शिलिंग ठेवले म्हणजे मुलाला वगळले, हेही मला मान्य नाही. ज्याला शिलिंग मिळाले, त्याच्यासाठी बापाने आधी काय खर्च केले, ते पाहा. कोणाला लंडनच्या व्यापाऱ्याकडे काम शिकायला, उमेदवारीला, ठेवताना भली मोठी रक्कम भरलेली असे, तर कोणाला लग्नात दुकान थाटून दिलेले असे. 1670 च्या कायद्यातही मुलाला बापाच्या हयातीत मिळालेले वाटणीत धरण्याचा नियम होता. शिलिंगाचा अर्थ पुष्कळदा ‘तुझे तुला पोचले’ एवढाच असे.

हे मी जीव तोडून लिहितो आहे, कारण आमच्या घरात हेच घडले. थोरल्या भावाच्या शिक्षणासाठी वडिलांनी गावाकडची बागायत विकली. पुढे मृत्युपत्रात त्यांनी स्वच्छ लिहिले की, त्याचा वाटा त्याला शिक्षणाच्या रूपाने पोचला आहे आणि राहते घर धाकट्याचे, म्हणजे माझे. त्या एका वाक्यामुळे भाऊ नऊ वर्षे माझ्याशी बोललेला नाही. वडिलांनी अन्याय केला नव्हता. त्यांनी हिशेब मांडला होता.

मुशाफिर

कागदपत्री, आपला हिशेब आपल्या सोयीचा आहे. मी आपल्या भावाच्या जागी उभा आहे. माझ्या वडिलांच्या मृत्युपत्रात माझ्यासाठी एक रुपया लिहिलेला होता. मला आधी काहीही मिळालेले नव्हते. मी त्यांच्या मनाविरुद्ध लग्न केले, एवढेच कारण होते. तो रुपया साक्षीदारांसमोर वाचला गेला, तेव्हा माझी बायको शेजारी बसली होती. आधी पोचलेल्या वाट्याची नोंद करायची असती, तर बापाला तसे लिहिता येते. आपल्या वडिलांनी लिहिलेच. ज्याने काही न लिहिता नुसते नाणे ठेवले, त्याला चारचौघांत अपमानच करायचा होता, मग तो बाप इंग्लंडातल्या डेव्हनमधला असो वा आमच्या तालुक्यातला.

कागदपत्री

आपले दुःख मला समजते, परंतु त्याच्या आधारावर शंभर वर्षांच्या कागदांचा अर्थ लावणे मला पटत नाही. आणि माझ्या वडिलांना आपण त्या रांगेत बसवलेत, हे मी विसरणार नाही.

मुशाफिर

मी आपल्या वडिलांना वेगळेच काढले होते. माझे वाक्य पुन्हा वाचावे. राहिला पुराव्याचा प्रश्न, तर भावाच्या नऊ वर्षांच्या अबोल्याचा दाखला आपणच आधी दिलात.

सनदी

ब्लॅकस्टोनचा दाखला मी काढून पाहिला. उंबरठा यांचे म्हणणे बरोबर आहे, एवढे मान्य करावे लागते. मात्र कायद्याची गरज नव्हती, म्हणून लोक तसे समजत नव्हते, असे होत नाही. ही समजूत इतकी पसरली होती की ब्लॅकस्टोनला ती खोडून काढावी लागली. माझ्याकडेही मुलाला एक रुपया लिहिल्याशिवाय सही न करणारे अशील आले आहेत.

शेवंती

शिलिंगाच्या मागे लागून आपण सगळे विधवेला विसरलो. ‘ती माझी विधवा राहील तोवर’ या अटीबद्दल कोणी बोलणार आहे का? वर्षासन, खोल्या, जळण, सगळे या एका वाक्याला टांगलेले असे. मेलेल्या माणसाने जिवंत बाईच्या पुढच्या आयुष्यावर ठेवलेला हा पहारा आहे, आणि त्याला न्याय म्हणणे मला सहन होत नाही.

उंबरठा (धागाकर्ता)

या अटीचे कारण त्या वेळच्या विवाहाच्या कायद्यात होते. बाईने पुन्हा लग्न केले की तिचे रोख पैसे आणि जंगम वस्तू नव्या नवऱ्याच्या होत आणि तिच्या जमिनीचे उत्पन्नही त्याच्या हाती जाई. पहिल्या नवऱ्याची मुले लहान असतील, तर त्यांच्या तोंडचा घास सावत्र बापाकडे जाऊ नये, एवढाच त्या वाक्याचा हेतू अनेक ठिकाणी दिसतो. अनेक नवऱ्यांनी बायकोलाच एक्झिक्युटर नेमले, म्हणजे सगळ्या देण्याघेण्याचा कारभार तिच्यावर सोपवला. ज्याचा विश्वास नाही, तो असे करत नाही.

शेवंती

मुलांचे पैसे वाचवायचे होते, तर ते विश्वस्तांकडे ठेवून बायकोचे वर्षासन तिच्या स्वतंत्र उपभोगासाठी, म्हणजे नव्या नवऱ्याचा हात त्याला लागणार नाही असे, बांधून देता येत होते. विश्वस्तांचे दावे चालवणारे चान्सरी न्यायालय अशी व्यवस्था मानत होते आणि श्रीमंत बाप आपल्या मुलींसाठी ती करतही होते, कारण जावयावर त्यांचा विश्वास नव्हता. म्हणजे मार्ग ठाऊक होता. तो मुलीसाठी वापरला, बायकोसाठी वापरला नाही. शिवाय विश्वस्तांच्या नावे असलेल्या जमिनीवर विधवेचा तो तिसऱ्या भागाचा हक्क चालतच नसे. सनदी यांनी हे सांगायला हवे होते.

आणि मृत्युपत्र हा कुटुंबाच्या भल्याचाच हिशेब असेल, तर 1797 मध्ये वारलेल्या पीटर थेलसन या लंडनच्या धनाढ्य व्यापाऱ्याचे काय? बायको आणि मुले यांना मिळून सुमारे एक लाख पौंड दिले आणि त्याच्या कितीतरी पट, म्हणजे सहा लाखांच्या घरातली उरलेली मालमत्ता नुसती साठवत ठेवायला सांगितली. त्याच्या मृत्यूच्या वेळी असलेले मुलगे, नातू आणि त्यांची मुले, सगळे मरेपर्यंत त्या उत्पन्नातला एक पैसा कोणालाही द्यायचा नाही. कोर्टाने ते 1799 मध्ये वैध ठरवले आणि 1805 मध्ये अपिलात लॉर्ड्सच्या सभागृहाने, म्हणजे पार्लमेंटच्या वरिष्ठ सभागृहाने, तेच कायम केले. अशी साठवण यापुढे इतकी वर्षे चालू नये, म्हणून 1800 मध्ये पार्लमेंटला कायदा करावा लागला. दावे 1859 पर्यंत चालले आणि कोर्टखर्चात एवढे गेले की अपेक्षेच्या मानाने फारच थोडे उरले. तीन मुलगे उत्पन्नाकडे पाहत म्हातारे होऊन गेले.

सनदी

विश्वस्तांबद्दलचा मुद्दा खरा आहे. तो माझ्याकडून राहून गेला. तो नियम 1833 मध्ये बदलला.

उंबरठा (धागाकर्ता)

थेलसन हा अपवाद होता, म्हणूनच त्याच्यासाठी कायदा करावा लागला. लहान शेतकऱ्याचे मोजमाप त्याच्यावरून करू नये, हे माझे मत कायम आहे. थोरल्या मुलाची बाजूही कोणी मांडलेली नाही. आईचे वर्षासन, तीन बहिणींच्या रकमा आणि धाकट्या भावाची उमेदवारी हे सगळे फेडण्यासाठी त्याला तेच शेत पाच टक्क्यांपर्यंतच्या व्याजाने गहाण टाकावे लागे. पुढे त्याच्याच मृत्युपत्रात त्या गहाणाची नोंद दिसते.

मात्र स्वतंत्र उपभोगाच्या तरतुदीचा शेवंती यांचा मुद्दा मी दोन दिवस घोळवला. मी उतरवलेल्या नकला पुन्हा चाळल्या. मुलीसाठी तशी तरतूद केलेली चार मृत्युपत्रे मिळाली. त्या चारांपैकी तिघांत बायकोचे वर्षासन ‘विधवा राहील तोवर’च आहे. चौथ्यात ती अट नाही, पण पैसे थोरल्या मुलाच्याच हातून यायचे आहेत. याला माझ्याकडे उत्तर नाही. या धाग्याच्या शीर्षकात मी आधी ‘न्याय’ लिहिले होते. तो शब्द काढून ‘तजवीज’ करावा, असे संपादकांना कळवले आहे.