तांबट आळीतला फोटो न विचारता काढला, चुकलं का?

उंडगा: रविवारी सकाळी पुण्यात कसब्यात फिरत होतो, तांबट आळीतली ठोकाठोक अजून सुरू व्हायची होती, आणि एका वाड्याच्या पायरीवर आजी बसलेल्या आणि मागे बनियनवर आजोबा त्यांची वेणी घालतायत, रबर दातात धरलेलं. मोबाईल काढला, एक क्लिक, पुढे निघालो. विचारलं नाही. विचारलं असतं तर आजोबा आधी शर्ट घालून आले असते, मग उरलं काय? सोसायटीच्या ग्रुपवर टाकला तर निम्मे खूश, निम्मे माझ्यावर तुटून पडले. माझं म्हणणं एवढंच, रस्त्यावरून जे दिसतं ते टिपायला कसली परवानगी.

चहाबाज: वाड्याची पायरी रस्ता कधीपासून झाली? दोन खोल्यांत सहा माणसं राहतात तिथे पायरी हीच बाल्कनी असते राव. आणि वीकेंडला कॅमेरे लटकवून येणारे तांबटाच्या घामाचे क्लोजअप काढून जातात, घंगाळं सोडा, साधा तांब्या घेत नाहीत.

फिल्मरोल: असं बघितलं तर स्ट्रीट फोटोग्राफी बंदच करा. तो फ्रेंच फोटोग्राफर कार्तिए-ब्रेसाँ आपल्या लायका कॅमेऱ्याच्या चकचकीत भागांना काळी टेप लावून फिरायचा, कुणाच्या डोळ्यात येऊ नये म्हणून. त्याच्या १९३२ च्या गाजलेल्या फोटोत पॅरिसच्या स्टेशनामागे एक माणूस पाण्यावरून उडी मारत होता त्याला काय थांबवून विचारायचं, दादा काढू का?

कडूकारलं: तोच ब्रेसाँ स्वतःचा फोटो कुणाला काढू द्यायचा नाही, हे सोयीस्कर विसरलात 😄 आणि त्या उडीवाल्याचा चेहरा कुठे ओळखू येतो, इथे आजी स्पष्ट दिसतायत. त्या हिरव्या डोळ्यांच्या अफगाण मुलीचं घ्या, फोटो १९८४ चा, मासिकाच्या कव्हरवर येऊन जगभर गाजला, तिचं नाव शरबत गुला आहे हे कळायला २००२ उजाडलं. अठरा वर्षं चेहरा सगळ्यांचा आणि बाई कुणाचीच नाही.

उंडगा: अहो ते मासिकाचं कव्हर, हा आमचा ग्रुप, कुठे तुलना करताय.

काळा_कोट: भांडा पण कायदा नीट सांगा. सार्वजनिक जागी फोटो काढायला सरसकट बंदी नाही, बरोबर. पण २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या ९ न्यायाधीशांनी प्रायव्हसी मूलभूत हक्क ठरवला त्यात हेही म्हटलंय की माणूस चारचौघांत आला म्हणून त्याची प्रायव्हसी संपत नाही. त्यामुळे काढणं एक आणि ग्रुपवर ढकलणं दुसरं. फॉरवर्ड झाला की तो तुमच्या हातात राहत नाही.

फिल्मरोल: मग सीसीटीव्हीवाले कुणाला विचारतात?

कडूकारलं: ते वेणीवर झूम करून लाईक मागत नाहीत.

चहाबाज: @उंडगा, ग्रुपवरून उडवा आधी. मग प्रिंट काढून आजोबांना नेऊन द्या, ते बघतील ठेवायचा का फाडायचा.

उंडगा: आणि ओरडले तर?

चहाबाज: तर खायचा ओरडा. कसब्यातले आहेत, फार तर अर्धा तास.